बैलाचा ढेकर आणि विजेचे मीटर

हवेतला मिथेन वायू काढून टाकणारे यंत्र बनवण्याची खटपट परदेशातल्या प्रयोगशाळांत चालू आहे. विजेचा प्लाझ्मा आणि उत्प्रेरक यांची जोडी लावून हे काम करायचे, असा एक मार्ग त्यात आहे. कापूस-ज्वारीच्या शेतकऱ्याने त्याची दखल का घ्यावी? कारण मिथेनचे नाव निघाले की बोट आधी गोठ्याकडे जाते. डेन्मार्कने गुरांच्या मिथेनवर २०३० पासून कर बसवायचे २०२४ सालीच ठरवले. तेव्हा हे यंत्र कोठे चालते आणि कोठे चालत नाही, याचा हिशेब आपण आपल्या पाटीवर मांडून ठेवलेला बरा.

मिथेन म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू. उष्णता अडकवण्यात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या, शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट भारी. जाळला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, म्हणजे जाळणे फायद्याचेच. पण गोबरगॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो, तर मोकळ्या हवेत दहा लाख लिटरमागे जेमतेम दोन लिटर. तेथे काडी लावून काही पेटत नाही. शिवाय मिथेनच्या रेणूची गाठ मोठी चिवट. पॅलेडियमसारख्या महागड्या धातूचा उत्प्रेरक ठेवला तरी तीनशे-चारशे अंश तापमान लागते. गावभरची हवा एवढी तापवायची कोणी?

म्हणून प्लाझ्मा. ट्यूबलाईटच्या नळीत उजेड पाडतो तो, आभाळात वीज कडाडते तोही. यंत्रात हवा थंडच राहते, पण विजेच्या दाबाने सुटलेले इलेक्ट्रॉन प्राणवायूचे रेणू फोडतात. त्यातून ओझोन आणि इतर तिखट कण तयार होतात आणि ते मिथेनवर तुटून पडतात. अर्धवट राहिलेले काम उत्प्रेरक पुरे करतो. मँगनीजच्या ऑक्साइडसारखा उत्प्रेरक ओझोन फोडून त्यालाही कामाला लावतो. शास्त्र खरे आहे, त्यात भोंदूगिरी नाही.

भोंदूगिरी शिरते ती हिशेबात. एक किलो मिथेन मिळवायला मोकळ्या हवेचे सुमारे ८ लाख घनमीटर यंत्रातून जावे लागतात. लिटरमागे फक्त दहा जूल वीज धरा. प्रयोगांत बहुधा याहून जास्तच लागते. तरी किलोमागे सुमारे २२०० युनिट झाले. पाच अश्वशक्तीचा पंप तेवढ्या विजेवर जवळजवळ सहाशे तास चालतो! ती वीज कोळशाची असेल तर दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडला. वाचवला किती? वीस वर्षांचा हिशेब धरला तरी ऐंशी किलोच्या आसपास. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. सौर वीज वापरू, असे कोणी म्हणेल. मग तीच वीज कोळशाच्या जागी वापरा किंवा दिवसा पंपाला द्या, फायदा कितीतरी मोठा.

आणखी एक. हवेत वीज खेळवली की नत्राचीही ऑक्साइडे होतात. विजांच्या पावसानंतर पीक तरारते, त्याला थोडा हातभार याच नत्राचा. नॉर्वेत १९०५ पासून याच रीतीने खत बनवत. वीज इतकी खाई की स्वस्त रीत निघाल्यावर ती मागे पडली. मिथेनच्या यंत्रातून नायट्रस ऑक्साइड निघाला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी. म्हणजे रोग परवडला पण औषध नको.

मग हे यंत्र टाकाऊ का? मुळीच नाही. तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही, चुकीच्या जागेला आहे. भूमिगत कोळसा खाणीतून पंख्याने बाहेर टाकलेल्या हवेत मिथेन अर्धा टक्का असेल, तर तो मोकळ्या हवेच्या अडीच हजार पट दाट झाला. त्याच हिशेबाने किलोला एक युनिटसुद्धा लागत नाही. झरियासारख्या वायूच्या खाणींच्या तोंडाशी हे प्रयोग करावेत, खर्च खाणवाल्याने सोसावा.

मोजमाप कोण करतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. १९९० च्या सुमारास अमेरिकी पर्यावरण संस्थेने भारताच्या भातखाचरांतून वर्षाला पावणेचार कोटी टनांच्या आसपास मिथेन सुटतो असे लिहिले. १९९१ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांनी देशभर खाचरांत मोजणी घडवून आणली. आकडा निघाला ४० लाख टनांच्या आसपास. मोजले नसते तर दसपट पाप आपल्या माथी राहिले असते.

आणि कोरडवाहू जमीन? हवा खेळती असलेल्या मातीतले काही जिवाणू हवेतला मिथेन खाऊन जगतात. जगभरची माती मिळून वर्षाला सुमारे तीन कोटी टन फस्त करते, तेही विजेशिवाय. नांगरट आणि नत्रखताने हे काम मंदावते, हेही सांगितले पाहिजे. पण आपल्या काळ्या रानात ते किती चालते, हे कोणी मोजून सांगावे?

जिल्हा बैठकीत आम्ही दोन मागण्या ठेवणार आहोत. मिथेन काढणाऱ्या कोणत्याही यंत्राने किंवा कार्बनच्या पैशाच्या योजनेने किलोमागे किती युनिट जळले आणि दुसरे कोणते वायू निघाले, ते जाहीर करावे. दुसरी, कडब्यावर जगणाऱ्या आपल्या बैलाचा मिथेन कृषी विद्यापीठांनी आपल्याच गोठ्यात येऊन मोजावा. तोवर कोणी कागद घेऊन आला तर सही करण्याआधी त्याला विजेचे मीटर विचारा.