वाटाण्याएवढी गाठ

फराळाच्या ताटाशेजारी वाचायच्या अंकात कुत्रीच्या स्तनातल्या गाठीचा विषय काढावा, हे काही वाचकभगिनींना रुचणार नाही. पण ज्या घरात कुत्री लेकीसारखी वावरते, तिथे हा विषय आज ना उद्या निघतोच.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातली चंपी नऊ वर्षांची. गेल्या पावसाळ्यात तिच्या मागच्या सडाजवळ वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. आजी म्हणाल्या, "दुधाची असेल, जिरेल." काका म्हणाले, "दिवाळी होऊ द्या, मग बघू." चंपी तर शेपूट हलवीत होती! दुखत नाही म्हणजे काही नाही, हा आपला साधा हिशेब, आणि तो इथेच फसतो. कुत्रीच्या अशा गाठींपैकी ढोबळ मानाने निम्म्या घातकी निघतात आणि नुसत्या बोटांना त्यातला फरक कळत नाही.

सुनेने हट्ट धरला, गाठ काढली आणि तपासायला गेली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मलाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. गाठीचा केसाहून पातळ काप काचेवर घेतात. नेमक्या एकाच प्रथिनाला चिकटणारे द्रव्य त्यावर सोडतात. ते प्रथिन असेल तिथे, पुढच्या प्रक्रियेनंतर, तपकिरी रंग उमटतो.

निरोगी दुग्धनलिकेला पेशींचे दोन थर असतात. बाहेरच्या थरात 'पी-६३' हे प्रथिन दिसते. त्या ठिपक्यांची माळ अखंड असली म्हणजे कुंपण शाबूत. दुसरे 'की-६७'. ते विभागणीच्या मार्गाला लागलेल्या पेशींतच सापडते. ठिपके जितके दाट, तितकी वाढ जोरात. जर्मनीतल्या कील शहरी १९८३ साली त्याची ओळख पटली, म्हणून नावात 'की'. तिसरी खूण इस्ट्रोजेनच्या ग्राहकाची, म्हणजे पेशी शरीराचा हुकूम ऐकते की नाही याची. घातकी गाठीत ती पुष्कळदा पुसट होते. पोरगे घरच्यांचे ऐकेनासे झाले, असे समजा ना! अर्थात एकाच खुणेवरून निकाल देत नाहीत. पेशींची ठेवणही पाहावी लागते.

चंपीचे कुंपण शाबूत निघाले.

पिल्ले नको असतील, तर अंडाशय व गर्भाशय काढण्याची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी. १९६९ च्या एका अमेरिकन अभ्यासात पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांत या गाठींचा धोका, शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या मानाने, अवघा ०.५ टक्का आढळला. एका माजानंतर ८, दोन माजांनंतर २६ टक्के. २०१२ साली पुराव्यांची छाननी करणाऱ्यांनी मात्र ते भक्कम नसल्याचे म्हटले.

हाताने चाचपण्याला मात्र कुणाची हरकत नाही. कुत्री उताणी लोळून पोट खाजवून मागते ना, तेव्हाच महिन्यातून एकदा सडांच्या पाचही जोड्यांवरून बोटे फिरवावीत. मागच्या दोन जोड्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण गाठी तिथेच अधिक होतात. ३ सेंटिमीटरांहून लहान असताना काढलेल्या गाठीचे भवितव्य अधिक चांगले असते. तेव्हा वाटाणा हाताला लागला, तर तो लिंबू होईपर्यंत थांबू नये. आणि काढलेली गाठ तपासायला पाठवलीत ना, एवढे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.