प्रत माहितीसाठी

आमच्या मेजापासून चार पावलांवर बसणाऱ्या एका सहकाऱ्याने मागील महिन्यात आम्हांला ईमेल पाठवून विचारले, की विभागाचा स्टेपलर सध्या आपल्याकडे आहे काय. मेलची प्रत विभागप्रमुखांना होती. आम्ही मान वर करून पाहिले, तो सद्गृहस्थ आमच्याकडेच पाहत होता. स्टेपलर हाताशीच होता. तो उचलून आम्ही त्याच्या हाती दिला. दहा मिनिटांनी विभागप्रमुखांचा मेल आला, 'प्लीज कन्फर्म.'

वाचक हसतील, आम्हीही हसलो. परंतु त्या संध्याकाळी परतीच्या विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळूनही आमचा डोळा लागला नाही. स्टेपलर हवा आहे, एवढे तीन शब्दांचे वाक्य शेजाऱ्याशी तोंडाने बोलावे असे एका सुशिक्षित, कुटुंबवत्सल माणसाला का वाटू नये? आणि वाटले नाही ते नाही, पण त्या तीन शब्दांना साक्षीदार का लागावा?

कार्यालयीन ईमेलच्या उपद्रवाविषयी बोलताना सारा दोष यंत्राच्या माथी मारण्याची प्रथा पडली आहे. आम्हांला ती मान्य नाही. हा उपद्रव भयाच्या पोटी जन्माला आला आहे. उद्या आपल्याकडे बोट दाखवले जाऊ नये म्हणून आजच दुसऱ्याकडे बोट दाखवून ठेवण्याची एक सोय माणसाच्या हाती लागली, त्या सोयीचे नाव सीसी.

गंमत अशी, की शेजारच्याला लिहिण्याची खोड ईमेलला जन्मापासूनच आहे. 1971 साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने नेटवर्कवरून एका संगणकातून दुसऱ्या संगणकात पहिला संदेश पाठवला, तेव्हा ते दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी शेजारी उभे होते. माणसाचे नाव आणि त्याचे ठिकाण यांच्यामध्ये ॲटचे चिन्ह घालण्याची युक्तीही त्याचीच. पण टॉमलिन्सनला तसे करण्याचे कारण होते. तो यंत्राची परीक्षा घेत होता. आमचा सहकारी कोणाची परीक्षा घेत होता?

सीसी ही अक्षरे 'कार्बन कॉपी'ची आहेत, हे आजच्या तरुण कर्मचाऱ्यांना सांगावे लागते. आमच्या वाचकांपैकी अनेकांना सांगावे लागणार नाही. आपल्या समाजातील कितीतरी मुलींनी शॉर्टहँड आणि टायपिंगच्या बळावर मुंबईच्या कचेऱ्यांत नोकऱ्या केल्या, धाकट्या भावंडांची शिक्षणे केली, घरावर कौले चढवली. त्यांना विचारा, एका पत्राच्या सहा प्रती काढणे म्हणजे काय ते. दोन कागदांच्या मध्ये एक कार्बन अशी चळत रोलरमध्ये नीट बसवायची, कळा जोराने दाबायच्या, एक अक्षर चुकले तर प्रत्येक प्रतीवर ते निराळे खोडायचे; आणि इतके करूनही शेवटची प्रत धुक्यातल्या झाडासारखी. त्यामुळे साहेब पत्र सांगताना 'प्रत माहितीसाठी' यापुढे कोणाचे नाव घालायचे याचा विचार करीत. प्रतीला श्रम पडत होते म्हणून प्रतीला अर्थ होता. 1982 साली ईमेलच्या मजकुराचे जे तांत्रिक मानक ठरले, त्यात सीसी आणि बीसीसी ही दोन्ही घरे कायम राहिली; श्रम तेवढे गेले. आज चौदा जणांना प्रत पाठवणाऱ्याला काहीच पडत नाही. पडते ते त्या चौदा जणांना. प्रत्येकाने तो मेल उघडायचा, आपला त्याच्याशी संबंध काय हे शोधायचे, संबंध नाही अशी खात्री झाल्यावरही तो पुसायचे धाडस करायचे नाही, कारण उद्या कोणी म्हणेल, तुम्हांला कळवले होते.

येथे आम्हांला स्वतःचाच एक अपराध सांगितला पाहिजे, नाहीतर हे सारे लिहिण्याचा अधिकार आम्हांला उरत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात एक सहकारी होता. 11 वर्षे आम्ही दुपारचा डबा एकत्र खाल्ला. त्याच्या घरची वालाची उसळ आमच्या पानात यायची आणि आमच्या घरचे सुक्या बोंबलाचे कालवण त्याच्या. एका मार्चअखेरीस त्याने केलेल्या तक्त्यात एक बेरीज चुकली. ती चूक आमच्या लक्षात आली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. तक्ता आमच्या सहीने पुढे जायचा होता, आणि आमच्या मनात पहिला विचार आला तो हा, की विचारणा झालीच तर चूक कोणाची हे लेखी असले पाहिजे. आम्ही मेल लिहिला. भाषा अगदी निर्दोष. 'इट हॅज बीन ऑब्झर्व्ड' अशी सुरुवात; कोणी पाहिले याचा त्यात पत्ता नाही. प्रत विभागप्रमुखांना, लेखा विभागाला आणि सवयीने आणखी चौघांना. सहकारी तेव्हा जागेवरच होता. पाण्याची बाटली भरून परतताना तो आमच्या मेजापाशी थांबला आणि म्हणाला, "निघतोस का?" आम्ही म्हणालो, "पाच मिनिटं." आणि सेंडची कळ दाबली.

चूक दुरुस्त करायला दुसऱ्या दिवशी चार मिनिटे लागली. मेल मात्र चालतच राहिला. लेखा विभागाने विचारणा केली, तिची प्रत आणखी वर गेली, आणि वरून प्रश्न आला की अशा चुका वारंवार का होतात. 'वारंवार' हा शब्द कोठून आला हे आजही आम्हांला ठाऊक नाही. सहकाऱ्याला लेखी खुलासा द्यावा लागला. त्या आठवड्यापासून तो डबा घेऊन दुसऱ्या मेजावर बसू लागला. भांडण झाले नाही, शब्दाने शब्द वाढला नाही. कामाचे जे काही असेल ते तो आम्हांला मेलने कळवू लागला, आणि त्याच्या प्रत्येक मेलची प्रत विभागप्रमुखांना असे. त्यात त्याचे काय चुकले? ती रीत आम्हीच त्याला शिकवली होती.

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात भावाच्या अपराधाविषयी प्रभूने जो क्रम घालून दिला आहे, तो आपण मिस्सेत कितीदा ऐकला असेल. प्रथम एकट्याने त्याच्याकडे जाऊन दोघांतच बोलावे. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे. तेही निष्फळ झाले तरच गोष्ट मंडळीपुढे मांडावी. कार्यालयातली सीसी हा क्रम नेमका उलटा करते. मंडळीला आधी कळते, साक्षीदारांना त्याच क्षणी कळते, आणि भाऊ जेवायला गेला असेल तर त्याला सर्वांत शेवटी कळते. आपण धर्मग्रामाच्या समित्यांवर काम करणारी माणसेही या बाबतीत निष्पाप आहोत असे समजू नये. गायनवृंदाच्या सरावाची वेळ बदलली म्हणून गायनप्रमुखाला लिहिलेला आणि फादरांना प्रत दिलेला मेल आम्ही पाहिला आहे. गायनप्रमुखाचे घर लिहिणाऱ्याच्या घरासमोर आहे.

यावर आमचे मित्र म्हणतील, लेखी असलेले बरे. बोललेले हवेत जाते. हे आम्हांला पूर्णपणे मान्य आहे, आणि जेथे मान्य आहे तेथे हातचे राखून बोलणे बरे नव्हे. माहिती तंत्रज्ञानाविषयीच्या 2000 सालच्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायदेशीर मान्यता दिली, तेव्हापासून ईमेल हा केवळ निरोप राहिलेला नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 साली जो कायदा झाला, त्यात तक्रार लेखी देण्याची तरतूद आहे आणि जिला ती लेखी देता येत नसेल तिला लिहिण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य ठरवले आहे. वरिष्ठाने तोंडी दिलेला नियमबाह्य आदेश जो कारकून लेखी मागून घेतो, त्याला आम्ही भित्रा म्हणणार नाही. दुर्बळाच्या हातातला कागद ही ढाल आहे. आमचा आक्षेप आहे तो बरोबरीच्या माणसाला लिहिताना वरिष्ठाचे नाव शेजारी उभे करण्यावर. तेथे तोच कागद दंडुका होतो, आणि दंडुका दुसऱ्याच्या हाती देऊन आपण नामानिराळे राहतो.

बीसीसीविषयी फार लिहिणार नाही. जिला आंधळी प्रत म्हणतात तिच्यात आंधळा असतो तो फक्त ज्याला पत्र लिहिले आहे तो. खोलीत दोघेच बोलत आहोत असे भासवून पडद्याआड तिसऱ्याला उभे करणाऱ्या माणसाला गावात काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे.

या भित्रेपणाने स्वतःची एक भाषाही घडवली आहे. पूर्वी स्मरणपत्र जाई ते पंधरा दिवसांनी, आणि त्यावर 'स्मरणपत्र क्रमांक 1' असे सरळ लिहिलेले असे. आता दोन तासांत 'जेंटल रिमाइंडर' येतो. त्यात सौम्य काय असते? 'डू द नीडफुल' म्हणजे काय करायचे ते मला ठाऊक नाही, तुम्हीच ठरवा, आणि चुकले तर तुमचेच. 'ॲज पर माय ट्रेलिंग मेल' म्हणजे तुम्हांला वाचता येत नाही असे दिसते. 'प्लीज फाइंड अटॅच्ड' म्हणजे बहुधा काहीच जोडलेले नाही. ते दुसऱ्या मेलमध्ये दिलगिरीसह येईल आणि बरोबर फाइल तिसऱ्यात. एक गृहस्थ प्रत्येक मेलवर तातडीचे लाल उद्गारचिन्ह लावतात. चहाची वर्गणीसुद्धा त्यांच्या लेखी तातडीची. आणि आमचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर हलवण्याचा सारा पत्रव्यवहार 'दिवाळी मिठाई' या विषयाखाली झाला, कारण कोणीतरी जुन्याच मेलला उत्तर देत सुटले होते.

हे सगळे इंग्रजीत चालते, याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. आमच्या विभागात नऊपैकी सात माणसे मराठी आहेत. आम्ही मराठीत जेवतो, मराठीत एकमेकांच्या आजारपणाची चौकशी करतो आणि इंग्रजीत एकमेकांची तक्रार करतो. मराठीत तक्रार करायची तर आधी ठरवावे लागते, समोरच्याला तू म्हणायचे की तुम्ही. 11 वर्षांच्या सोबत्याला 'तू ही बेरीज चुकलास' असे सहा जणांना प्रती देऊन लिहिताना आमचे बोट निश्चित अडखळले असते. इंग्रजीच्या कर्मणी प्रयोगाने ती अडचण दूर केली. इंग्रजी भाषेवर आमचा राग नाही. तिच्या आडोशाला लपणाऱ्या स्वतःवर आहे.

सर्वांना उत्तर देण्याच्या सवयीने मोठमोठ्या संस्था गुडघ्यावर आणल्या आहेत. ऑक्टोबर 1997 मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीत सुमारे 25 हजार नावांच्या एका यादीवर कोणीतरी विचारले, की माझे नाव या यादीत का. उत्तरादाखल शेकडोंनी 'माझेही काढा' असे सर्वांना कळवले, मग इतरांनी 'सर्वांना उत्तर देऊ नका' हेही सर्वांनाच कळवले, आणि सुमारे दीड कोटी संदेशांखाली कंपनीची टपालव्यवस्था कोलमडली. ईमेलच्या प्रणाली बनवणाऱ्या कंपनीची ही गत. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत नोव्हेंबर 2016 मध्ये परीक्षेसाठी पाठवलेला एक मेल चुकून 8 लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना गेला, आणि तेथेही थांबा म्हणणाऱ्यांनीच गर्दी वाढवली. आमच्याकडे कोणी निवृत्त होते त्या दिवशी 'बेस्ट विशेस' असे साठ मेल सर्वांना येतात. निवृत्त होणाऱ्याच्या मेजापर्यंत जाऊन हात हातात घेणारे आम्ही चार-पाच मोजले आहेत.

रात्रीच्या मेलचे दुःख याहून खोल आहे. वरिष्ठ रात्री साडेअकराला मेल पाठवतात आणि सकाळी म्हणतात, "मी उत्तर लगेच कुठे मागितलं होतं?" मागितले नव्हते, खरे आहे. पण त्या मेलच्या प्रतीत जी पाच नावे असतात, त्यांपैकी एकजण बारा वाजता 'नोटेड सर' असे सर्वांना कळवतो, आणि मग उरलेल्या चौघांचे मौन नजरेत भरू लागते. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर यंत्रापासून दूर राहण्याचा हक्क 1 जानेवारी 2017 पासून कायद्यात आला. आपल्यातील अनेकांची आडनावे जेथून आली त्या पोर्तुगालने 2021 साली अपवादात्मक निकड वगळता कर्मचाऱ्याला विश्रांतीच्या वेळी न गाठण्याचे बंधन मालकावरच घातले. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी याच हक्कासाठी 2018 सालचे खासगी विधेयक मांडले; पण 1970 नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही. कायदा आला तरी 'नोटेड सर' म्हणणाऱ्याला तो कसा आवरणार, अशी आम्हांला शंका आहे. घरी रोजरीच्या वेळी खिशातला फोन थरथरतो आणि मुलगी आमच्या तोंडाकडे पाहते, की पप्पा आता उठणार की नाही. कधी उठतो, कधी नाही.

स्टेपलरच्या प्रकरणानंतर आम्ही विभागप्रमुखांना जाऊन भेटलो. आमचे मागणे लहानसे होते. विभागातल्या विभागात कोणाची चूक आढळली तर आधी त्याच्याशी समक्ष बोलावे. बोलणे झाले नसेल तर त्या मेलची प्रत कोणालाही जाऊ नये, आणि तशी प्रत आली तर विभागप्रमुखांनी उत्तर न देता पाठवणाऱ्याला एवढेच विचारावे, की बोललात का. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. चहा मागवला. सूचना त्यांना मनापासून पटली असे दिसले.

"उत्तम," ते म्हणाले, "मला याचा एक मेल टाका. आणि प्रशासन विभागाला सीसीमध्ये ठेवा."

आम्ही मेजावर परत आलो आणि तो मेल लिहिला. एकूण नऊ जणांना प्रती गेल्या.