विश्लेषण : परवडणारी वेगवान गाडी १२०० सीसीतच का अडकते? मालवण किनाऱ्यावर ती रोज वापरता येते का?

फोक्सवॅगनने मे २०२५ मध्ये ‘गोल्फ जीटीआय’ भारतात आणली. १९७६ मध्ये युरोपात जन्मलेल्या या गाडीने ‘रोज कामाला न्या आणि सुट्टीत मनसोक्त पळवा’ असा एक प्रकारच रूढ केला. गाडीवेडे त्याला ‘हॉट हॅच’ म्हणतात. भारतात मात्र तिची किंमत ५३ लाखांच्या घरात गेली, कारण ती पूर्ण आयात होते. ऑक्टोबरमध्ये आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचेही तेच. जेमतेम १०० गाड्या, प्रत्येकी जवळपास ५० लाख. मालवण-कुडाळ पट्ट्यात १०-१२ लाखांचे कर्ज काढून घरातली एकुलती एक गाडी घेणाऱ्याचा या गाड्यांशी संबंध मोबाइलच्या पडद्यापुरताच. त्याच्यासाठी खरी बातमी २२ सप्टेंबर २०२५ ची होती. त्या दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी घटला.

कर नेमका कशावर मोजतात?

ताकदीवर नाही, लांबी आणि इंजिनाच्या आकारमानावर. ही रेघ २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आखली गेली. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल १५०० सीसीपर्यंत) असेल तर उत्पादन शुल्क कमी. जीएसटी आला तरी रेघ तिथेच राहिली. नव्या रचनेत रेघेच्या आतल्या पेट्रोल गाडीवरील कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. १.५ लिटर टर्बो इंजिनाची, १५० पीएसची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी रेघेबाहेरची. तिच्यावरील कर ४५ वरून ४० टक्के झाला.

करापूर्वी आठ लाख किंमत असलेली छोटी पेट्रोल गाडी पूर्वी १० लाख ३२ हजारांना पडत असे, आता ती नऊ लाख ४४ हजारांना पडते. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के एकरकमी मोटार वाहन कर आहे. म्हणजे तिथेही सुमारे २० हजार वाचतात. एकूण लाखभर रुपयांचा फरक.

त्याचा वेगाशी काय संबंध?

भारतातल्या वेगवान छोट्या गाड्यांचा इतिहास याच रेघेने लिहिला आहे. २०१३ मध्ये चाकणहून निघालेल्या पोलो जीटी टीएसआयचे इंजिन ११९७ सीसीचे होते. हा योगायोग नव्हे. तिने १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क रेघेच्या आत बसवला. रांजणगावच्या अबार्थ पुंटोने (२०१५) उलटे केले. लांबी चार मीटरच्या आत, पण इंजिन १३६८ सीसीचे. १४५ पीएसची ही गाडी दहा लाखांच्या आत आली खरी, पण छोट्या गाडीची करसवलत तिला मिळाली नाही आणि ती फार दिवस टिकलीही नाही. १.४ लिटर टर्बोची स्विफ्ट स्पोर्ट तर भारतात विक्रीला आलीच नाही.

सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यातही हीच गंमत आहे. १००० सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २०९४ रुपये, त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३४१६ रुपये हा दर २०२२ मध्ये ठरला. ९९८ सीसीची टर्बो ह्युंदाई आय-२० एन लाइन १२० पीएस देते आणि कमी हप्ता भरते. ८२ पीएसची साधी स्विफ्ट १२०० सीसीच्या गटात असल्याने जास्त भरते.

मग या बजेटमध्ये घ्यायचे काय?

आय-२० एन लाइन आणि जून २०२४ मध्ये आलेली टाटा अल्ट्रोझ रेसर या दोन्ही १२० पीएसच्या, उघडपणे हौशी ग्राहकासाठी बनवलेल्या. महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओचे १.२ लिटर टीजीडीआय इंजिन १३० पीएस आणि २३० न्यूटन मीटर टॉर्क देते. कागदावर तीच सर्वांत दमदार, आणि तिच्यावरही कर १८ टक्केच. ती दिसते मात्र उंच, डबाबंद कुटुंबवत्सल गाडीसारखी. गाडीवेड्यांना हे रुचत नाही. त्यांना बुटकी, वळणावर न झुकणारी हॅचबॅक हवी असते, आणि सरळ, मोठ्या रस्त्यावर त्यांचे म्हणणे बरोबरही आहे.

पण मालवणहून कसाल गाठताना, चौक्यातून कुडाळला जाताना किंवा आंबोली, करूळ, फोंडा घाट चढताना ‘शून्य ते शंभर किती सेकंदांत’ हा आकडा जवळपास निरुपयोगी ठरतो. आंधळी वळणे, समोरून एसटी, मध्येच गुरे. इथे उपयोग होतो तो कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या टॉर्कचा. टर्बो इंजिन साधारण १५०० ते २००० फेऱ्यांदरम्यानच बहुतेक टॉर्क देऊ लागते. त्यामुळे चार माणसे आणि सामान भरलेले असतानाही तिसऱ्या गिअरमध्ये चढ कापता येतो, ट्रक ओलांडायला वारंवार दुसरा टाकावा लागत नाही. साध्या १.२ इंजिनाला तेच काम ओरडत करावे लागते.

दुसरा प्रश्न जमिनीपासूनच्या उंचीचा. अल्ट्रोझची १६५ मिलिमीटर, ३एक्सओची २०१. महामार्गावर हा फरक जाणवत नाही. वाडीकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पाखाडीवजा रस्त्यावर मात्र पहिल्याच पावसाळ्यात जाणवतो. मोठ्या चाकांचे पातळ टायरही अशा खड्ड्यांत लवकर फाटतात. किनाऱ्यावरच्या हौशी माणसाने उंच गाडीकडे नाक मुरडू नये.

खारा वारा काय करतो?

जिल्ह्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने हवेत मीठ असते. पहिला मार तळाच्या पत्र्याला, सायलेन्सरला, बॅटरीच्या टोकांना आणि अगदी पुढे बसवलेल्या एसीच्या कंडेन्सरला बसतो. उपाय साधे आहेत, फक्त कंटाळवाणे. तळाला गंजरोधक लेप, आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून धुणे, दारांच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची भोके मोकळी ठेवणे. देवबाग-तारकर्लीच्या पुळणीवर गाडी घालून व्हिडीओ काढण्याची हौस यात सर्वांत महाग पडते. चाके रुततात, भरती येते आणि मीठ वायरिंगमध्ये शिरते. माडाखाली गाडी लावली तर नारळ काचेवर पडतो आणि बागेतले उंदीर वायर कुरतडतात. नवी गाडी घेताना या गोष्टींची चर्चा सहसा होत नाही.

इथेनॉल आणि ‘रीमॅप’चे काय?

आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे मायलेज घटते. जुन्या रचनेच्या चारचाकींत ही घट सहा ते सात टक्के असू शकते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच होता. उलट इथेनॉलचे ऑक्टेन मूल्य जास्त असल्याने टर्बो इंजिनाला ठोके बसण्याची भीती कमी होते. प्रश्न जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या आणि सीलचा आहे. २०२२ मध्ये बंद झालेली पोलो जीटी वापरलेल्या बाजारात आजही मागणीत आहे. ती घेणाऱ्याने हे आणि ‘डीएसजी’ गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्यावा.

इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून १०-२० टक्के जादा ताकद काढून देणारे ‘रीमॅप’ अनेक शहरांत होते. त्यानंतर वॉरंटी जाण्याची शक्यता असते, आणि अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. नोंदणी पुस्तकात नसलेले मूलभूत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. करकपातीत वाचलेले लाखभर रुपये रीमॅपवर आणि मोठ्या चाकांवर घालण्यापेक्षा चांगले टायर, वेळेवर ब्रेक पॅड आणि गंजरोधक लेप यांवर घालणे शहाणपणाचे. जूनमध्ये तांबड्या चिखलाने माखलेल्या वळणावर १३० पीएसची गाडी थांबवण्याचे काम टायरच करतात. टायरच्या खाचांची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी कोकणच्या पावसासाठी तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदललेला बरा.