गेटपाशीच मागे फिरू नका

दरवर्षी 13 जानेवारीच्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातून गाड्या निघतात. कुणी ट्रॅव्हल्स ठरवतो, कुणी क्रूझर, कुणी एस.टी.ने जातो. मेहकर, सिंदखेडराजा, जालना करीत पहाटे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे 2023 पर्यंतचे औरंगाबाद, गाठायचे. वाटेत खडकपूर्णा नदीचा पूल लागला की गाडीतला एखादा म्हातारा हमखास झोपेतून उठतो आणि 1979 च्या लाँगमार्चची गोष्ट सांगू लागतो. इथेच पोलिसांनी अडवले होते, इथेच लाठ्या बसल्या होत्या. नंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटसमोर आपण उभे राहतो, नतमस्तक होतो, फोटो काढतो, पुस्तकांच्या स्टॉलवर फिरतो, जेवतो आणि रात्री परतीची वाट धरतो.

मीही अनेक वर्षे हेच केले. काही वर्षांपूर्वी आमच्या गाडीत नववीत शिकणारी एक मुलगी होती. वडील कोरडवाहू कापूसवाले. गेटसमोर सगळ्यांचे फोटो झाले तेव्हा तिने मला विचारले, "काका, आतमध्ये जाऊ देतात का?"

मी वकील आहे. संविधानाचे पंधरावे कलम मला पाठ आहे, एकोणतिसावेही पाठ आहे. तरी त्या क्षणी मी गप्प झालो. ज्या गेटवरच्या नावासाठी माणसे मेली, त्या गेटच्या आत जायला परवानगी लागते का, असे आमच्या मुलीला वाटावे? आणि मी स्वतः तरी किती वेळा आत गेलो होतो? एकदाही नाही.

हा दोष फक्त माझा नसावा. आमच्या पिढीला विद्यापीठ ही पाहायची, फिरायची, बसायची जागा आहे हे कुणी सांगितलेच नाही. यवतमाळ जिल्हा अमरावती विद्यापीठाखाली येतो. 1 मे 1983 रोजी ते स्थापन झाले, आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम अशा पाच जिल्ह्यांचे आहे आणि संत गाडगेबाबांचे नाव धारण करते. त्याच गाडगेबाबांनी पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली होती. म्हणजे आमच्या पदवीच्या कागदावर जे नाव छापलेले आहे तेही आपल्या घरचेच. पण त्या विद्यापीठाचे आवार मी पाहिले ते पदवी प्रमाणपत्राच्या कामापुरते. खिडकी, रांग, झेरॉक्स, चहा आणि संध्याकाळची एस.टी. झाडे होती, डोंगर होता, मोकळे माळरान होते. मी मान वर करून पाहिले नाही. गरिबाच्या पोराला विद्यापीठ म्हणजे खिडकी एवढेच ठाऊक असते.

तर त्या दिवशी त्या मुलीला घेऊन आत गेलो. मागून आणखी सात-आठ जण आले. जे पाहिले ते इथे लिहितो, कारण पुढच्या जानेवारीत जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आत शिरल्यावर रस्ता हळूहळू चढत डोंगराकडे जातो. दोन्हीकडे झाडे, झाडांत विभागांच्या इमारती. पोरांनी पाट्या वाचायला सुरुवात केली. इतिहास, रसायनशास्त्र, पाली. पाली नावाचा विषय घेऊन एम.ए. करता येते हे आमच्या गाडीतल्या चार तरुणांना त्या दिवशी कळले. रोज वंदना पाली भाषेत म्हणणाऱ्या घरातली ही मुले! आमच्या संस्कारवर्गांचे काय चुकते, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा.

डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी महाल आहे. औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या बुंदेलखंडच्या सरदाराने बांधलेली ही दुमजली दगडी वास्तू. आत एके काळी सोन्याच्या रंगात चित्रे काढलेली होती म्हणून हे नाव. आज तिथे राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. वास्तू देखणी आहे, मागे डोंगर, पुढे बाग. पण खरे सांगायचे तर तिथे माझे मन रमले नाही. सरदारांचे महाल आपण पुष्कळ पाहिले.

मन रमले ते वरच्या लेण्यांत. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची बुद्ध लेणी आहेत. अजिंठा-वेरूळच्या नावापुढे ही झाकली गेली. चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत जुने, बाकीची मुख्य लेणी इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांतली. तिसऱ्या लेणीच्या गाभाऱ्यात तथागत आसनावर पाय खाली सोडून बसले आहेत आणि समोर गुडघे टेकून बसलेले उपासक-उपासिका आहेत, चांगले पुरुषभर उंचीच्या मापाचे. देव नाहीत, राजे म्हणूनही दाखवलेले नाहीत. केसांची ठेवण, गळ्यातले दागिने, हात जोडण्याची तऱ्हा, प्रत्येकाची वेगळी. त्या काळच्या माणसांनी स्वतःलाच दगडात कोरून ठेवले आहे. आमच्या गाडीतल्या एका आजीबाई त्यांच्या शेजारी तशाच बसल्या, तेव्हा माणूस कुठला आणि मूर्ती कुठली हे अंधारात क्षणभर कळेना.

सातव्या लेणीत अवलोकितेश्वर उभे आहेत आणि दोन्ही बाजूंना आठ भये कोरली आहेत. आग, तलवार घेतलेला माणूस, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. व्यापारी प्रवासाला निघताना इथे येत असणार, असे अभ्यासक सांगतात. त्याच लेणीच्या आत एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. बाहेर येऊन ओट्यावर उभे राहिले की खाली बीबी का मकबरा, शहर आणि झाडांत बुडालेला विद्यापीठाचा परिसर दिसतो. मला वाटते, महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाला अशी पाठ लाभलेली नाही. पाठीशी बुद्ध आणि दाराशी बाबासाहेब.

खाली येताना नागसेनवन. बाबासाहेबांनी 1950 साली इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर, 23 ऑगस्ट 1958 रोजी आले. हा क्रम ध्यानात ठेवा. या शहरात बाबासाहेबांचे कॉलेज आधी आले आणि विद्यापीठ आठ वर्षांनी. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तर देणारा भिक्खू नागसेन, या दोघांची नावे त्यांनी कॉलेजला आणि वनाला दिली. प्राचार्य म. भि. चिटणीस, म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे ही माणसे याच झाडांखाली वावरली, 'अस्मितादर्श'सारखे नियतकालिक याच हवेत वाढले. दलित साहित्य कुठे जन्मले हे पोरांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा तिथे नेऊन उभे करावे.

कुणी म्हणेल, वकीलसाहेब, पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्तीचे हप्ते वेळेवर येत नाहीत, आणि तुम्ही झाडे-डोंगर-लेणी काय सांगत बसलात? आक्षेप रास्त आहे. पण बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा त्यांना काय मिळाले ते आठवा. शाळेत स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसलेला हा माणूस तिथल्या ग्रंथालयात कुठल्याही खुर्चीवर बसू शकत होता. आयुष्यातले काही उत्तम मित्र आपल्याला तिथेच मिळाले, असे त्यांनी पुढे सांगितले. ड्यूई, सेलिग्मन यांची व्याख्याने हा त्या शिक्षणाचा एक भाग होता. न भिता वावरता येणारे आवार हा दुसरा. पहिला भाग पुस्तकातून थोडाफार मिळतो, दुसऱ्यासाठी त्या जागेवर पाय ठेवावा लागतो.

आणि नुसते सुंदर आवार पुरत नाही, हेही आपण पाहिले आहे. हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ पाहणाऱ्याला वेड लावील असे आहे. तळी, जंगल, एकावर एक ठेवल्यासारखे प्रचंड खडक. त्याच आवारात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथीदारांना वसतिगृहाबाहेर काढले गेले. त्यांनी उघड्यावर तंबू ठोकला आणि त्याला 'वेलिवाडा' म्हटले. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरची वस्ती. 17 जानेवारी 2016 रोजी रोहित गेला. आमच्या नामविस्तार दिनानंतर तीनच दिवसांनी ही तारीख येते. ते तळे, ते खडक कुणाचे, हा प्रश्न त्याने मागे ठेवला. ज्याला आत राहू दिले जात नाही त्याला तिथली झाडे काय कामाची?

म्हणूनच गेटवरचे नाव ही लहान गोष्ट नव्हती. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. 4 ऑगस्टला पोचिराम कांबळे यांना मारले. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. 14 जानेवारी 1994 रोजी नाव आले, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. साडेपंधरा वर्षे. एवढी किंमत मोजून उघडलेल्या दाराच्या उंबऱ्यावरून आपण वर्षानुवर्षे परत फिरतो आहोत.

चौदा तारखेला गर्दी असते, त्या दिवशी सगळे पाहून होत नाही. जमल्यास एखाद्या कामाच्या दिवशी जा. लेण्यांना सकाळी जा, पायऱ्या आहेत, तिकीट लागते, पाणी बरोबर ठेवा. ग्रंथालयाच्या दाराशी ओळखपत्र दाखवून विचारा. फार तर नाही म्हणतील. विभागात शिरून प्रवेश कधी सुरू होतात, वसतिगृह कुठे आहे, हे मुलांनाच विचारायला लावा. तुम्ही मागे उभे राहा.

परतीच्या गाडीत जालन्याच्या पुढे ती मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. आठ भयांपैकी तिला सात आठवत होती, हत्ती राहिला होता. मग तिने विचारले, तिथे राहून शिकायला किती पैसे लागतात? मी तिला भारत सरकारची शिष्यवृत्ती समजावली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी 2016-17 पासूनची स्वाधार योजना आहे, वडिलांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते, तेही सांगितले. तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.

पुढच्या सीटवरून तिचे वडील वळून म्हणाले, "पयले तिले दहावी तं होऊ द्या, वकीलसाहेब."

ती दहावी झाली. मागच्या महिन्यात ऑफिसला आली होती, उत्पन्नाचा दाखला कुठे काढायचा ते विचारायला.