नाडीयंत्र आणि आपली बोटे

नाडीपरीक्षणाची यंत्रे आता अनेक वैद्यांच्या चिकित्सालयांत दिसू लागली आहेत. अंगुष्ठमूलाशी तीन दाबसंवेदक बसवायचे, वात-पित्त-कफाच्या स्थानी उमटणारे तरंग संगणकाने टिपायचे व अहवाल छापून द्यायचा, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. रुग्णास छापील कागदाचे अप्रूप असते. आपणांसही ते नसते असे नाही.

संवेदक तरंग टिपतो, याविषयी शंका नाही. त्या तरंगास ‘पित्ताधिक्य’ हे नाव कोणाच्या साक्षीने दिले जाते, हा प्रश्न आहे.

पल्स ऑक्सिमीटरचे उदाहरण पाहावे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचे तत्त्व मांडले. तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात आणि त्यांच्या शोषणाच्या गुणोत्तरावरून रक्तातील प्राणवायूची संपृक्तता ठरते. परंतु कोणते गुणोत्तर म्हणजे किती टक्के, हे यंत्रास उपजत कळत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देऊन, त्यांचे धमनीरक्त तपासून ते कोष्टक बनवावे लागते. अशा स्वयंसेवकांत वर्णवैविध्य नसेल तर काय होते, हे डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले: यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवीत असता प्रत्यक्षात संपृक्तता ८८च्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट आढळले.

तेथे साक्षीला धमनीरक्त तरी होते. नाडीयंत्रासाठी साक्षीदार कोण? आपली बोटेच. शार्ङ्गधराने वातनाडीस सर्प-जळूची, पित्तनाडीस काक-मंडूकाची व कफनाडीस हंस-पारव्याची गती सांगितली. परंतु एकाच मनगटावर दोन वैद्यांना एकच गती जाणवते का, हे आपण किती वेळा पडताळले? (एकाच वैद्याला, त्याच सकाळी, तोच हात पुन्हा दिला तर, हा प्रश्न अधिक अडचणीचा.) प्रस्तुत लेखक वीस वर्षे नाडी पाहत आहे आणि याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. निकाल लाजिरवाणा येईल ही भीती आहेच; तथापि ती परीक्षा टाळून घेतलेले यंत्र आपलाच मतभेद दशांश चिन्हासह छापील.

संघाने आगामी अधिवेशनात याकरिता एक सकाळ राखून ठेवावी. उपाशीपोटी आलेले दहा रुग्ण, एक पडदा व निदान लिहिण्यास कोरे कागद, इतकेच साहित्य लागेल. परीक्षार्थींच्या यादीत माझे नाव प्रथम लिहावे.