सुई पाहिजे, पण ‘ती’ नको!

बॉस, आमच्या मराठवाड्यात डॉक्टर भारी की नाही, हे डिग्रीवर ठरत नाही. सुई देतो का, यावर ठरतं! नांदेडला आमच्या गल्लीत नुसत्या गोळ्या दिल्या म्हणजे डॉक्टरने फसवलंच. साधी सर्दी, कणकण... ‘एक सुई मारा ना साहेब, उद्या कामावर जायचंय.’ सर्दी आपली आपण बरी होते, क्रेडिट सुईला!

आणि हीच मंडळी कुत्रं चावलं की दवाखान्याच्या उलट्या दिशेला. कारण एकच. बेंबीभोवती 14 सुया!

हा हॉरर शो खोटा नव्हता, बरं का. उदगीरच्या माझ्या मामांनी नव्वदच्या दशकात त्या घेतल्यात. डेव्हिड सेम्पल यांनी 1911 मध्ये कसौलीला तयार केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. रोज एक टोचायची, पोट सुजायचं आणि क्वचित कुणाला लशीमुळेच लकवा व्हायचा. 2004 च्या अखेरीस आपल्याकडे तिचं उत्पादन बंद झालं. म्हणजे आजच्या अकरावी-बारावीवाल्यांच्या जन्माआधीच. तरी लातूरला ‘नीट’चा रट्टा मारणाऱ्या पोरांना विचारा, आकडा 14 च सांगतील.

2023 मध्ये माझा नंबर लागला. नांदेडला स्कूटी लावत होते, कुत्र्याने पोटरी धरली. रक्त आलं. मामांचा लगेच फोन, ‘बाई, आधी मिरची भर त्याच्यात!’ मिरची नाही, चुना नाही, हळद नाही. साबण आणि नळाचं वाहतं पाणी, पूर्ण 15 मिनिटं. मग सरकारी दवाखाना.

दुखलं का? रक्त आलं असेल तर जखमेभोवती सीरम टोचतात, ते सॉलिड दुखतं. खोटं कशाला बोलू! पण लस म्हणजे दोन्ही दंडांत कातडीतच बारीकशी टोच. पहिली त्याच दिवशी, मग तिथून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. पोटाचा संबंधच नाही.

सातव्या दिवशी मी कामासाठी लातूरला होते. कार्ड दाखवलं, तिथेच डोस मिळाला. रांगेत पुढे हॉटेलात काम करणारा एक पोरगा. ‘सिस्टर, जखम तर भरली की. आता पुढची कशाला?’

जखम भरते, पण रेबीजचा विषाणू आठवडे, कधी महिने दबा धरून बसतो. लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. सिस्टरने हे त्याला दोन वाक्यांत सांगितलं आणि कार्डावरच्या शेवटच्या तारखेला लाल पेनाने गोल केला.

पोराने तारीख पाहिली. नेमकी लग्नाची तिथ होती, सुट्टी मिळणं अवघड. त्याने खिशातून मोबाइल काढून मालकाला फोन लावला आणि सिस्टरच्या हातात दिला. ‘तुम्हीच सांगा त्यांना.’