एका विशेषणाचे काम

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानातून सुमारे २० किलोमीटरची एक पायवाट जाते. ती एका दिवसात, सात-आठ तासांत चालून होते. पूर्वी तिचे नाव 'टोंगारिरो क्रॉसिंग' असे होते. २००७ मध्ये तेथील संवर्धन विभागाने त्यात 'अल्पाइन' हा एकच शब्द घातला. हेतू सौंदर्यवर्णनाचा नव्हता. अपुऱ्या तयारीने येणाऱ्यांना सावध करण्याचा होता. विशेषण हा नामाचा अलंकार, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. येथे मात्र त्याच्यावर माणसांचे जीव राखण्याची जबाबदारी आली.

ही जबाबदारी आपल्याला चटकन उमगत नाही, कारण आपण केवळ आकडा वाचतो. या वाटेवरील सर्वांत उंच जागा, रेड क्रेटर, १८८६ मीटरवर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. सह्याद्रीत तयार झालेल्या पायांना या फरकाचे भय वाटू नये, हे स्वाभाविकच. परंतु कळसूबाई उष्ण कटिबंधात आहे आणि ही वाट ३९ दक्षिण अक्षांशाच्या आसपास. तेथील उघड्या ज्वालामुखीय प्रदेशात वाऱ्याला अडवायला झाड नाही. ओल्या सुती कपड्यांवर तो वारा लागला, की ऐन उन्हाळ्यातही शरीर धोकादायकरीत्या गारठू शकते. संदर्भ तोडून वाचलेले वाक्य फसवते, तसाच संदर्भ तोडून वाचलेला आकडाही.

तेव्हा लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, वारा-पाऊस अडवणारे जाकीट, टोपी, हातमोजे, पक्के बूट, खाणे, भरपूर पाणी, विजेरी, नकाशा ही यादी हवीच. पण आमच्या मते खरी तयारी या यादीत मावत नाही. 'मनाची तयारी' हा शब्दप्रयोग आपण बहुधा नकोशी गोष्ट स्वीकारताना करतो. डोंगरात ती नकोशी गोष्ट म्हणजे माघार. ही वाट मांगाटेपोपो येथे सुरू होऊन केटेटाही येथे संपते. परतीची गाडी दुसऱ्या टोकाला असते. रजा टाकलेली, विमानाचे पैसे भरलेले. अशा वेळी ढग उतरू लागले, तरी पाय पुढेच पडतात. म्हणून कोणत्या परिस्थितीत आणि कोठून परतायचे, हे घरी असतानाच ठरवायला हवे.

मग साहस कशाला म्हणायचे, असे कोणी विचारेल. तेथील माओरींसाठी ही शिखरे 'तापू', म्हणजे पवित्र आणि म्हणूनच मर्यादा घालणारी आहेत. शिखरांवर चढू नका, सरोवरांच्या पाण्याला स्पर्श करू नका, अशी विनंती येणाऱ्यांना केली जाते. १९९३ मध्ये 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून जागतिक वारसा यादीत नोंदले गेलेले हे पहिले स्थळ. अशा ठिकाणी थांबणे हा पराभव कसा ठरेल? आपल्या गिर्यारोहणाच्या भाषेत 'सर करणे' फार आहे. 'परत फिरणे' या क्रियापदालाही तेथे मानाची जागा मिळायला हवी.